विद्याधरांचें कुळ

कोल्हापूर, पन्हाळा आणि मिरज या मुलखावर आठशें-नऊशें वर्षांपूर्वीं शिलाहार घराण्याची सत्ता होती. त्या राजांचे ताम्रपट आणि शिलालेख वाचतांना आरंभींच बिरुदांची एक लांबलचक मालिका लागते. महालक्ष्मीचा वरप्रसाद, तगर नगरीचें मूळ स्वामित्व, सोन्याच्या गरुडाचें निशाण, अशीं तीं बिरुदें आहेत. त्यांतच एक बिरुद असें आहे कीं, त्यापाशीं वाचणारा क्षणभर थबकतो. हे राजे आपणांस जीमूतवाहनाच्या वंशांत जन्मलेले म्हणवितात. त्या काळच्या राजघराण्यांनीं आपला उगम सूर्यापासून किंवा चंद्रापासून सांगावा, हा रिवाजच होता. शिलाहारांनीं सूर्यहि सोडला आणि चंद्रहि सोडला. जीमूतवाहन हा देव नव्हे आणि मनुष्यहि नव्हे. तो विद्याधर. म्हणजे कोल्हापूरच्या एका ऐतिहासिक घराण्यानें आपलें रक्त अशा एका जातीचें सांगितलें कीं, जी पृथ्वीच्या पाठीवर कधींच नव्हती.

ही जाति कोणती, तिचा संसार कसा चाले, आणि तिच्याशीं नातें सांगावें असें एका राजघराण्याला कां वाटलें, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाहीं. विद्याधरांच्या कथा रचणाऱ्या लोकांना विद्येविषयीं काय वाटत होतें, तिची आशा किती होती आणि धास्ती किती होती, हें त्या कथांनीं सांगून ठेविलें आहे.

विद्याधर दिसतो कसा, हें वेरूळ-अजिंठ्याचीं लेणीं पाहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मुख्य मूर्तीच्या मस्तकाजवळ, वरच्या कोपऱ्यांत, हातांत फुलांची माळ घेतलेलें एक जोडपें तरंगत असतें. गुडघ्यांत दुमडलेले पाय आणि मागें उडणारा शेला एवढ्यावरूनच तें आकाशांतून जात आहे हें कळतें. पुराणकथांत देव आणि मनुष्य यांच्या मधल्या जाति पुष्कळ आहेत. परंतु त्यांपैकीं बहुतेकांना जें मिळालें तें जन्मतःच मिळालें. गंधर्वाला गाणें मिळालें, यक्षाला धनाची राखण मिळाली. विद्याधराचें तसें नाहीं. तो आईच्या पोटीं जन्माला येतो, लहानाचा मोठा होतो, लग्न करतो, भाऊबंदकी करतो, म्हातारा होतो आणि मरतो. मनुष्यांत आणि त्याच्यांत अंतर एकच, आणि तें म्हणजे त्याच्याजवळ असलेली विद्या.

येथें विद्या या शब्दाचा अर्थ नीट ध्यानांत घेतला पाहिजे. ही पाटी-पुस्तकाची विद्या नव्हे. मंत्र, त्याचा जप, त्यासाठीं केलेले उपवास आणि एकाग्रता यांनीं वश झालेली ती एक शक्ति असते, आणि ती देवतेच्या रूपानें साधकापुढें येऊन आज्ञा मागते. प्रज्ञप्ति नांवाची विद्या दूरची हकीकत कळविते. बहुरूपिणी एकाचे अनेक करून दाखविते. कोणती आकाशांतून नेते, कोणती रूप पालटते. विद्याधराचें विमान, त्याचें शस्त्र, त्याचें नगर, त्याची सारी प्रतिष्ठा या विद्यांवर उभी असते. म्हणून या कथांत शत्रूच्या विद्येचा छेद करणें हा मोठा विजय मानला आहे. विद्या आहे तोंवर तो मेघांच्या वर असतो. ती गेली कीं तोच विद्याधर शेताच्या बांधावर पडलेला एक साधा माणूस होतो. अन्नपाण्यावर सारेच जगतात. ही एक जाति विद्येवर जगते.

या जातीला देश, नगरें आणि कायदा देण्याचें काम मुख्यतः जैन पुराणकारांनीं केलें. त्यांच्या भूगोलांत भरतक्षेत्राच्या मधोमध पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत पसरलेला रुप्याचा एक पर्वत आहे. त्याला कोणी वैताढ्य म्हणतात, कोणी विजयार्ध. त्याची उंची २५ योजनें. पायथ्यापासून १० योजनें वर गेलें कीं दोन्ही अंगांस सपाट पट्टे लागतात. त्यांना श्रेणी असें नांव आहे. दक्षिण श्रेणींत ५० नगरें आणि उत्तर श्रेणींत ६०, अशा एकशें दहा नगरांत विद्याधरांचा संसार मांडलेला आहे.

या वसाहतीचा आरंभ मोठा अर्थपूर्ण आहे. आदि तीर्थंकर ऋषभदेव यांनीं राज्याची वांटणी करून दीक्षा घेतली, तेव्हां नमि आणि विनमि हे दोघे जवळ नव्हते. ते परत आले तों वांटावयास कांहींच उरलें नव्हतें. तरीहि ते मौन धरून उभ्या असलेल्या त्या तपस्व्याची सेवा करीत राहिले आणि आपला वांटा मागत राहिले. त्यांची निष्ठा पाहून नागराज धरणेंद्र प्रसन्न झाला. त्यानें त्यांना विद्या दिल्या आणि त्या विद्यांच्या बळावर राज्य करण्यासाठीं पर्वताच्या दोन श्रेणी दिल्या. म्हणजे ज्यांच्या वांट्याला भूमि आली नाहीं, त्यांना भूमीच्या ऐवजीं विद्या मिळाली. कोल्हापुरांत शिलाहार विजयादित्य राज्य करीत होता, त्याच काळांत गुजरातेंत हेमचंद्राचार्यांनीं ही कथा आपल्या महाग्रंथांत सविस्तर सांगितली आणि त्या विद्यांची संख्या ४८,००० दिली.

परंतु विद्या आली कीं तिच्यामागून पायऱ्याहि येतात. विद्याधरांचे सोळा निकाय, म्हणजे सोळा वर्ग झाले. ज्या वर्गाची जी विद्या, तिच्यावरून त्याचें नांव पडलें. गौरी विद्येवरून एक वर्ग, गांधारीवरून दुसरा, मातंगीवरून तिसरा, अशी ती यादी आहे. त्यांतले आठ नमीकडे गेले आणि आठ विनमीकडे.

इ. स. ७८३ मध्यें पूर्ण झालेल्या जिनसेनाचार्यांच्या हरिवंशपुराणांत या समाजाचें एक विलक्षण चित्र आहे. कृष्णाचा पिता वसुदेव तरुणपणीं देशोदेशीं भटकत असतां विद्याधरांच्या जगांत जाऊन पोंचतो. सिद्धकूट जिनालयांत सारे विद्याधर पूजेसाठीं जमलेले असतात आणि प्रत्येक वर्ग आपापल्या ठराविक स्तंभाला टेकून बसलेला असतो. वसुदेवाची विद्याधर पत्नी त्याला एकेकाची ओळख करून देते. कोणाच्या हातीं कमळें आहेत, कोणाच्या गळ्यांत तांबड्या माळा आहेत. हे आठ वर्ग आर्य विद्याधरांचे. त्यांच्यापुढें दुसरे आठ वर्ग मातंग विद्याधरांचे. त्यांत काळ्या मेघासारखे सांवळे मातंग आहेत, हाडांचे अलंकार घालून अंगाला राख फांसलेले स्मशानवासी आहेत, काळें कातडें पांघरलेले श्वपाक आहेत.

हें चित्र रचणाऱ्या कवीच्या डोळ्यांसमोर त्याच्या काळचा खरा समाज होता, यांत संशय नाहीं. गांवाबाहेर ठेविलेल्या जातींचीं नांवें त्यानें आकाशांतल्या पर्वतावरहि नेलीं. परंतु तेथें नेल्यावर त्यानें त्यांना देवळाबाहेर उभें केलें नाहीं. स्तंभ वेगळे झाले, छप्पर एकच राहिलें. शिवाय मातंगांना ज्या विद्येवरून नांव मिळालें, तीहि धरणेंद्रानें दिलेल्या विद्यांपैकींच एक होती. वसुदेवाच्या कथेंतली नीलयशा ही मातंग कुळांतलीच मुलगी, आणि तीहि त्याची पत्नी होते. पायऱ्यांचा समाज कल्पनेंतसुद्धां मोडवला नाहीं; परंतु विद्या ही एकाच पायरीची मिरास आहे, असेंहि त्या कल्पनेला म्हणवलें नाहीं.

विद्या येते कोठून, याचें उत्तर शास्त्रकारांनीं अधिक काटेकोरपणें दिलें आहे. षट्खंडागमावरील वीरसेनाचार्यांच्या धवला टीकेंत विद्यांचे तीन प्रकार केले आहेत. आईच्या कुळाकडून येते ती जातिविद्या, बापाच्या कुळाकडून येते ती कुलविद्या, आणि उपवासादि तप करून मिळते ती तपोविद्या. पहिल्या दोन घरीं बसल्या येतात. तिसरी घरीं येत नाहीं. तिच्यासाठीं अरण्यांत जावें लागतें. विद्याधरांच्या साऱ्या कथांतला ताण या तीन शब्दांत सामावलेला आहे. जें वारशानें आलें तें खरें कीं जें कष्टानें मिळविलें तें खरें, असा हा प्रश्न आहे.

कथा सांगणारे बहुधा तिसऱ्या विद्येच्या बाजूचे दिसतात. जैन रामायणांत रावण हा दहा तोंडांचा राक्षस नाहीं. तो राक्षस नांवाच्या वंशांतला विद्याधर राजपुत्र आहे, आणि हनुमान-सुग्रीव हे ध्वजावर वानराचें चिन्ह मिरविणारे विद्याधर आहेत. रावण आणि त्याचे दोघे भाऊ लहान वयांत अरण्यांत साधनेला बसतात. एक यक्ष त्यांना नाना प्रकारें भिवविण्याचा यत्न करतो. आईबापांचे हाल होत असल्याचे भास त्यांच्यापुढें उभे करतो. रावण जागचा हलत नाहीं. शेवटीं हेमचंद्राच्या कथेप्रमाणें त्याला हजार विद्या वश होतात, कुंभकर्णाला पांच आणि बिभीषणाला चार. एकाच आईच्या मुलांना साधनेच्या प्रमाणांत वेगवेगळें फळ मिळालें. पुढें सर्वनाश कोणाचा झाला, हें सर्वांस ठाऊक आहे. हजार विद्यांचा धनी बुडाला आणि चार विद्यांचा तरला. विद्येची मोजदाद ही शहाणपणाची मोजदाद नव्हे, हें सांगण्यासाठीं याहून साधा हिशेब मांडतां आला नसता.

याच भीतीपोटीं धरणेंद्रानें विद्या देतांनाच एक नियम घालून दिला होता. जो विद्याधर मदानें तीर्थंकरांचा, मंदिरांचा किंवा मुनींचा अपमान करील, जो पत्नीसह असलेल्या पुरुषाला मारील, किंवा जो स्त्रीवर तिच्या इच्छेविरुद्ध बळजबरी करील, त्याला त्याच्या विद्या तत्काळ सोडून जातील. हा कायदा अंमलांत आणण्यास न्यायाधीश नको, शिपाई नको. विद्या स्वतःच उठून चालती होते. वारसाहक्कानें आलेली असो वा तपानें मिळविलेली असो, ती कायमची मालमत्ता होत नाहीं. ज्या समाजाचा प्राणच विद्या आहे, त्या समाजांत यापेक्षां कडक शिक्षा दुसरी कोणती असणार?

विद्याधरांच्या कथांचें दुसरें मोठें भांडार म्हणजे गुणाढ्याची बृहत्कथा. तिचा संबंध दंतकथेनें महाराष्ट्राशीं, गोदावरीकांठच्या प्रतिष्ठानाशीं म्हणजे पैठणाशीं जोडला आहे. ही कथाहि विद्येच्या मानापमानाचीच आहे. सातवाहन राजाला संस्कृत व्याकरण येत नव्हतें. जलक्रीडेंत राणी म्हणाली, पाणी उडवूं नका. राजानें संधि न ओळखतां मोदक मागविले, आणि सारें अंतःपुर हंसलें. लाजलेल्या राजानें व्याकरण शिकण्याचा हट्ट धरला. गुणाढ्य म्हणाला, सहा वर्षें लागतील. शर्ववर्मा म्हणाला, सहा महिने पुरे. गुणाढ्यानें पैज घेतली आणि हरला, तेव्हां संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा सोडून तो विंध्याच्या रानांत गेला. तेथें त्यानें पैशाची भाषेंत सात लक्ष श्लोकांची विद्याधरकथा लिहिली, आणि शाई नव्हती म्हणून ती स्वतःच्या रक्तानें लिहिली. राजसभेनें ती भाषा हीन म्हणून ग्रंथ परत पाठविला. गुणाढ्य एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवूं लागला आणि वाचलेलें पान अग्नींत टाकूं लागला. ऐकणारीं हरणें चरावयाचीं विसरलीं. राजाच्या ताटांत येणारें मांस सुकें निघूं लागलें, तेव्हां कारण शोधीत राजा रानांत आला. तोंवर सहा लक्ष श्लोक जळाले होते. उरलेल्या एक लक्षांत नरवाहनदत्ताची कथा होती.

मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाहीं. काश्मीरच्या सोमदेवाचा कथासरित्सागर, क्षेमेंद्राची बृहत्कथामंजरी आणि बुधस्वामीचा श्लोकसंग्रह यांतून त्याची कल्पना येते. प्राकृतांत रचलेल्या वसुदेवहिंडीवरहि त्याची छाया आहे. आगींतून वांचलेला नायक नरवाहनदत्त हा उदयन राजाचा मुलगा, म्हणजे मनुष्य आहे. तो विद्याधरांत जन्मलेला नसतां त्यांच्या विद्या मिळवितो आणि त्यांचा चक्रवर्ती होतो. वर्ग, श्रेणी आणि कुलविद्या यांनीं बांधलेल्या त्या समाजाच्या माथ्यावर खालचा एक मनुष्य जाऊन बसतो, आणि ही गोष्ट सांगणारा ग्रंथ राजसभेनें नाकारलेल्या भाषेंत लिहिलेला आहे.

आतां जीमूतवाहनाकडे वळावयास हरकत नाहीं. कथासरित्सागरांत आणि सातव्या शतकांतल्या हर्षराजाच्या नागानंद नाटकांत त्याची कथा आहे. त्याच्या घरीं वंशपरंपरेनें आलेला कल्पवृक्ष होता. त्यानें त्या वृक्षाजवळ एकच मागणें केलें, जगाचें दारिद्र्य जावो. आणि वृक्ष दान करून टाकला. भाऊबंद राज्यावर टपलेले पाहून तेंहि सोडलें आणि आईबापांची सेवा करण्यासाठीं तो मलय पर्वतावर गेला. तेथें त्याला हाडांचा एक ढीग दिसला. गरुडाला रोज एक नाग पाठवावा असा करार होता, आणि त्या दिवशीं शंखचूड नांवाच्या नागाची पाळी होती. त्याच्या म्हाताऱ्या आईचा आकांत ऐकून जीमूतवाहन स्वतःच वध्यशिळेवर जाऊन बसला. गरुडानें त्याला नेलें आणि खाण्यास आरंभ केला. सत्य कळल्यावर गरुडाला पश्चात्ताप झाला. गौरीच्या अमृतानें जीमूतवाहन जिवंत झाला आणि विद्याधरांचा चक्रवर्तीहि झाला. शिळेवर आहार झालेला तो पुरुष, म्हणून त्याचा वंश शिलाहार, अशी त्या नांवाची एक व्युत्पत्ति सांगतात. आणि निशाणावरचा सोन्याचा गरुडहि याच कथेंतला आहे.

विद्याधरांत पूर्वज निवडावयाचा तर पराक्रमी राजे थोडे नव्हते. शिलाहारांनीं जो निवडला, त्याची कीर्ति विद्या मिळविण्यासाठीं नसून असलेलें देऊन टाकण्यासाठीं आहे. राजाचें बिरुद हा पुष्कळदां नुसता शब्दांचा डौल असतो, हें खरें. परंतु घराण्यानें आपल्या पूर्वजाची जी गोष्ट जगाला सांगितली, तिच्या मापानें त्याला मोजणें अन्यायाचें होणार नाहीं.

त्या मापाला उतरणाऱ्या कांहीं गोष्टी त्यांच्या लेखांतून निश्चित सांपडतात. गंडरादित्य राजानें गंडसमुद्र नांवाचा तलाव बांधला आणि त्याच्या कांठीं शिव, बुद्ध आणि जिन या तिघांचीं स्थानें केलीं. त्याचा सामंत निंबदेव यानें कोल्हापुरांत रूपनारायण नांवाची जैन बसदी उभारली. रूपनारायण हें गंडरादित्याचेंच बिरुद होतें. या बसदीचे आचार्य माघनंदि सिद्धांतदेव हे मूलसंघाच्या देशीय गणांतले. त्यांच्या गच्छाचें नांव पुस्तक गच्छ असें होतें. शके १०६५ मधील, म्हणजे इ. स. ११४३ मधील कोल्हापूरच्या एका शिलालेखांत त्यांच्या वासुदेव नांवाच्या शिष्याची हकीकत आहे. हा शिष्य कामदेव नांवाच्या सामंताचा हडपी, म्हणजे पानाचा डबा सांभाळणारा सेवक होता. त्यानें हेर्लें गांवीं मंदिर बांधलें आणि त्यासाठीं विजयादित्य राजानें भूमि दिली. त्या काळच्या प्रतिष्ठेच्या उतरंडींत सामंत आणि त्याचा हडपी यांत अंतर केवढें! तरीहि गुरूच्या नांवाशेजारीं शिळेवर त्या हडप्याचें नांव राहिलें आहे. पुढें दुसरा भोज पन्हाळ्यास राज्य करीत असतां, इ. स. १२०५ मध्यें, आजऱ्याच्या जिनालयांत राहून सोमदेव नांवाच्या मुनीनें जैनेंद्र व्याकरणावर शब्दार्णवचंद्रिका ही टीका लिहिली. थोड्याच वर्षांत यादव सिंघणानें भोजाचें राज्य जिंकलें आणि विद्याधरवंश म्हणविणारे राजे इतिहासांतून गेले. आजऱ्यांत लिहिलेलें व्याकरण मात्र राहिलें.

राजे गेले तरी विद्या कोणाची हा प्रश्न कोल्हापुरांतून गेला नाहीं. इ. स. १८९९ मध्यें तो पंचगंगेच्या घाटावर पुन्हां उभा राहिला. छत्रपति शाहूमहाराजांच्या धार्मिक विधींत वेदांतले मंत्र म्हणावयाचे कीं पुराणांतले, यावरून वाद पेटला. गादीवरच्या राजालाहि अमुक मंत्रांचा अधिकार नाहीं, असें सांगितलें गेलें. ज्याला हा वाद शब्दांचा वाटतो, त्यानें विद्याधरांची कथा आठवावी. मंत्र हीच जेथें शक्ति, तेथें मंत्राचा अधिकार नाकारणें म्हणजे विद्येचा छेदच होय.

महाराजांनीं त्या वादाला दिलेलें उत्तर एका घराण्यापुरतें राहिलें नाहीं. इ. स. १९०१ मध्यें मराठा विद्यार्थ्यांसाठीं आणि दिगंबर जैन विद्यार्थ्यांसाठीं कोल्हापुरांत वसतिगृहें निघालीं. इ. स. १९०२ मध्यें संस्थानच्या नोकऱ्यांतल्या निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठीं राखण्याचा हुकूम झाला. इ. स. १९०८ मध्यें अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांसाठीं मिस क्लार्क वसतिगृह निघालें. इ. स. १९१७ मध्यें प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचें करण्यांत आलें. वसतिगृहें जातवार होतीं. तोहि एक प्रकारें ज्याचा त्याचा स्तंभच होता. परंतु इ. स. १९१९ मध्यें अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकाच शाळेंत बसविण्याचा हुकूम निघाला, तेव्हां स्तंभ सोडून एका छपराखालीं येण्याची गोष्ट प्रथमच कायद्याच्या भाषेंत उतरली. कुंभोजांत जन्मलेले भाऊराव पाटील हे त्या जैन वसतिगृहांत राहून शिकले. त्याच १९१९ सालीं त्यांनीं सातारा जिल्ह्यांतील काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापन केली.

ग्रंथांच्याहि नशिबीं असाच योग आला. जातिविद्या, कुलविद्या आणि तपोविद्या यांचा भेद सांगणारी ती धवला टीका कित्येक शतकें मूडबिद्रीच्या बसदींत ताडपत्रांवर बंद होती. गृहस्थांनीं तिचें दर्शन घ्यावें, वाचूं नये, असा समज होता. इ. स. १९३९ पासून अमरावतीच्या डॉ. हिरालाल जैन यांनीं ती छापून सर्वांच्या हातीं देण्यास आरंभ केला. त्या कार्यांत त्यांचे सहकारी होते डॉ. आ. ने. उपाध्ये. सदलगा या सीमाभागांतल्या गांवीं जन्मलेले उपाध्ये इ. स. १९३० पासून कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजांत अर्धमागधी शिकवीत होते आणि इ. स. १९७५ मध्यें कोल्हापुरांतच त्यांचा अंत झाला. शिलाहारांचे लेख महामहोपाध्याय मिराशी यांनीं एकत्र संपादून इ. स. १९७७ मध्यें प्रसिद्ध केले. विद्याधर राजांच्या कुळाचा दावा आणि विद्याधरांच्या विद्येचें शास्त्र, दोन्ही आतां ग्रंथालयांत कोणालाहि वाचावयास मिळतात.

विद्याधर हें मराठी घरांत मुलाचें नांव म्हणून ठेवतात. बारशाच्या दिवशीं तें पाळण्यांत ठेवणाऱ्यांच्या मनांत रुप्याचा पर्वत नसतो, सोळा निकायहि नसतात. मुलानें शिकावें एवढीच इच्छा असते. नांव आईबाप देतात, म्हणून त्याला फार तर जातिविद्या किंवा कुलविद्या म्हणतां येईल. तिसरी विद्या त्या मुलानेंच मिळवावयाची असते. त्यासाठीं शाळेचें दार उघडें असावें लागतें, आणि एकदां उघडलेलें दार बंद होणार नाहीं, ही काळजी पुढच्यांनीं घ्यावी लागते. विद्या उठून चालती होते, हा धरणेंद्राचा नियम त्यांनाहि लागू आहे.